स्टार्टर मोटर व सोलेनॉइड

स्टार्टर मोटर हे मोटारीच्या अंतर्ज्वलन इंजिनाला सुरुवातीचे फेरे देणारे विद्युत यंत्र आहे. सोलेनॉइड हा तिच्या अंगावर बसवलेला विद्युतचुंबकीय स्विच होय. महाराष्ट्रात बोलीभाषेत या जोडीला 'सेल्फ' म्हणतात. 'सेल्फ मारणे', 'गाडी सेल्फ घेत नाही' हे शब्दप्रयोग त्यावरूनच रूढ झाले आहेत. अंतर्ज्वलन इंजिन स्वतःहून फिरू लागत नाही. सिलिंडरमध्ये हवा ओढली जाऊन ती दाबली गेल्याशिवाय इंधनाचा पहिला स्फोट होत नाही, म्हणून तोपर्यंतचे फेरे बाहेरून द्यावे लागतात. हे काम संपले की स्टार्टर मोटर इंजिनापासून अलग होते.

गाडी सुरू न होण्याचा दोष पुष्कळदा स्टार्टर मोटरीवर ठेवला जातो. प्रत्यक्षात तो बॅटरी, तिची टोके, अर्थची तार किंवा सोलेनॉइड यांत असू शकतो. त्यामुळे मोटर कोठे असते आणि ती कशी बदलावी याइतकेच, ती बदलण्याची खरोखर गरज आहे की नाही हे ओळखणे महत्त्वाचे ठरते. कोल्हापूर जिल्ह्यातील शाहूवाडी तालुक्यासारख्या अतिपावसाच्या डोंगरी प्रदेशात या प्रश्नाला सुरक्षिततेची बाजूही आहे.

## इतिहास

आरंभीच्या मोटारी पुढच्या बाजूने लोखंडी हँडल फिरवून सुरू कराव्या लागत. ठिणगी वेळेआधी पडल्यास इंजिन उलटा झटका देई आणि हँडल धरणाऱ्याचे मनगट किंवा जबडा मोडे. हँडलच्या अशा अपघातात आपला मित्र गमावल्याने कॅडिलॅक कंपनीचे प्रमुख हेन्री लेलँड यांनी विजेच्या स्टार्टरचा आग्रह धरला, असे सांगितले जाते. अमेरिकन अभियंता चार्ल्स केटरिंग यांनी १९११ मध्ये तो तयार केला आणि १९१२ सालच्या कॅडिलॅक मोटारींवर तो बसवण्यात आला.

इंजिन फिरवण्याइतकी मोठी मोटर गाडीत मावणार नाही, अशी तोवर समजूत होती. केटरिंग यांनी पूर्वी दुकानांतील गल्लायंत्रासाठी विजेची मोटर बनवली होती. क्षणभरच काम करायचे असेल तर लहान मोटरीवरही तिच्या नेहमीच्या क्षमतेपेक्षा कितीतरी अधिक भार टाकता येतो, हे त्यांना त्या अनुभवातून ठाऊक होते. आजची स्टार्टर मोटरही याच तत्त्वावर चालते. ती थोडा वेळ मोठे काम करण्यासाठी बनवलेली असून सलग चालवल्यास जळते.

पुढे व्हिन्सेंट बेंडिक्स यांची, पिनियन आपोआप पुढे सरकवणारी यंत्रणा प्रचारात आली. आज बहुतेक मोटारींत ती मूळ स्वरूपात नसते, तरी भारतातील कारागीर पिनियनच्या भागाला अजूनही 'बेंडिक्स' म्हणतात. भारतात १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून मुंबईत जुळणी होऊ लागलेल्या विलीज जीपमध्ये स्टार्टरचा स्विच पायाने दाबावा लागे. जीप व अँबॅसडर या गाड्यांत स्टार्टर असूनही हँडलची सोय होती. आडवे इंजिन असलेल्या नंतरच्या मोटारींत ती राहिली नाही, आणि स्टार्टर बंद पडल्यास हाताने इंजिन फिरवण्याचा मार्ग बंद झाला.

## रचना

स्टार्टर मोटरीचे प्रमुख भाग पुढीलप्रमाणे आहेत.

* आर्मेचर : तांब्याची वेटोळी असलेला फिरणारा भाग. त्याच्या एका टोकाला तांब्याच्या पट्ट्यांचा दिक्‌परिवर्तक असतो.
* कार्बन ब्रश : दिक्‌परिवर्तकावर स्प्रिंगने दाबून ठेवलेले, बाहेरची वीज आर्मेचरला पोहोचवणारे तुकडे. ते हळूहळू झिजतात.
* क्षेत्र : आर्मेचरभोवतीचे चुंबकीय क्षेत्र. जुन्या मोटरींत ते वेटोळ्यांनी, तर नव्या लहान मोटरींत कायम चुंबकांनी निर्माण होते.
* पिनियन व एकदिश क्लच : पुढच्या टोकाचे लहान दंतचक्र आणि त्याला एकाच दिशेने जोर देणारा क्लच.
* काटा : सोलेनॉइडच्या हालचालीने पिनियन पुढे ढकलणारी तरफ.
* सोलेनॉइड : मोटरीच्या पाठीवर बसवलेली लहान नळकांडी. तिच्यात दोन वेटोळी, लोखंडी दांडा व तांब्याची संपर्क चकती असते.

सोलेनॉइडवर सामान्यतः तीन जोड असतात. बॅटरीच्या धन टोकाकडून येणारी जाड तार ज्या जोडावर येते त्याला '३०' हा क्रमांक असतो. किल्लीकडून येणारी बारीक तार '५०' या जोडावर लागते. तिसऱ्या जोडावरून वीज मोटरीत जाते. परतीच्या विजेसाठी वेगळी तार नसते. ती मोटरीच्या धातूच्या आवरणातून इंजिनात आणि तेथून अर्थच्या तारेने बॅटरीकडे जाते.

## कार्य

किल्ली फिरवल्यावर सोलेनॉइडला थोडी वीज मिळते आणि खेचणारे व धरून ठेवणारे अशी दोन्ही वेटोळी लोखंडी दांडा आत ओढतात. या एकाच हालचालीत दोन कामे होतात. काट्यामुळे पिनियन पुढे जाऊन फ्लायव्हीलच्या (प्रचक्राच्या) दातेरी कड्यात अडकते आणि संपर्क चकती दोन जाड जोड एकमेकांना जोडते. वीज पूर्ण जोराने मोटरीत जाते व इंजिन फिरू लागते. संपर्क जुळताच खेचणाऱ्या वेटोळ्यातील प्रवाह थांबतो. दांडा जागेवर ठेवण्याचे काम दुसरे वेटोळे करते. किल्ली सोडल्यावर स्प्रिंग दांडा मागे लोटते.

पिनियनला दाते थोडे आणि कड्याला शंभराहून अधिक असल्याने इंजिनाच्या एका फेऱ्यासाठी मोटर साधारण १० ते १५ फेरे घेते. यामुळे लहान मोटरही जड इंजिन फिरवू शकते. इंजिन सुरू झाल्यावर मात्र हेच गुणोत्तर उलटे धोक्याचे ठरते. इंजिन मिनिटाला ३,००० फेऱ्यांनी फिरत असताना पिनियन अडकून राहिले, तर मोटर मिनिटाला ३०,००० हून अधिक फेऱ्यांनी फिरून फुटेल. हे टाळण्यासाठीच एकदिश क्लच असतो.

लहान पेट्रोल मोटारीचा स्टार्टर साधारण १०० ते २०० अँपिअर प्रवाह घेतो. डिझेल इंजिनाचा त्याहून पुष्कळ अधिक. गाडीतील दुसरे कोणतेही उपकरण इतका प्रवाह घेत नाही.

## स्थान

पिनियनला फ्लायव्हीलच्या कड्यात शिरावे लागत असल्याने स्टार्टर मोटर बहुतेक गाड्यांत इंजिन व गिअरबॉक्स जेथे जोडले जातात तेथेच, बेल हाउसिंगला बोल्टने बसवलेली असते.

* जीप, सुमो, बोलेरो यांसारख्या उभ्या इंजिनाच्या गाड्यांत ती इंजिनाच्या मागच्या बाजूस, कडेला असते. खालून पाहिल्यास ती सहज ओळखता येते.
* आडव्या इंजिनाच्या, पुढची चाके ओढणाऱ्या लहान मोटारींत ती गिअरबॉक्सच्या बाजूला असते. काहींत ती वरून दिसते, तर काहींत बॅटरीचा ट्रे किंवा एअर फिल्टर काढावा लागतो किंवा गाडीखाली जावे लागते.
* क्वचित ती अनपेक्षित ठिकाणी असते. कॅडिलॅकचे नॉर्थस्टार इंजिन आणि लेक्ससच्या पहिल्या एलएस ४०० मोटारीचे व्ही-८ इंजिन यांत ती सिलिंडरांच्या दोन रांगांमधील खोबणीत, इनटेक मॅनिफोल्डखाली होती.

मोटर शोधण्याचा सोपा मार्ग म्हणजे बॅटरीच्या धन टोकावरून निघालेली सर्वांत जाड तार धरून पुढे जाणे. ती सोलेनॉइडपाशी पोहोचते. सोलेनॉइडची लहान नळकांडी मोटरीच्या मोठ्या नळकांडीला समांतर असते.

## बिघाडाची लक्षणे

* किल्ली फिरवल्यावर कोणताच आवाज नाही : बॅटरी पूर्ण उतरलेली, फ्यूज किंवा रिले निकामी, किल्लीचा स्विच खराब, क्लच अथवा न्यूट्रलचा सुरक्षा स्विच तुटलेला, किंवा '५०' ची तार निसटलेली.
* भराभर टक-टक आवाज : बॅटरी उतरलेली किंवा तिची टोके सैल. संपर्क जुळताच दाब कोसळतो, दांडा सुटतो व पुन्हा ओढला जातो.
* एकच ठळक 'टक्' : सोलेनॉइडने दांडा ओढला, पण वीज पुढे गेली नाही. संपर्क जळलेले, कार्बन झिजलेले, मोटर अडकलेली किंवा बॅटरी कमजोर.
* मोटर घरघरते, इंजिन फिरत नाही : एकदिश क्लच घसरतो आहे किंवा दाते झिजले आहेत.
* खरखर, दाते घासल्याचा आवाज : पिनियन किंवा फ्लायव्हीलच्या कड्याचे दाते खराब, अथवा मोटरीचे बोल्ट सैल.
* इंजिन सुस्त फिरते : बॅटरी कमजोर, तारांत अवरोध, किंवा मोटरीचे बुश झिजून आर्मेचर आत घासते आहे.
* किल्ली सोडूनही मोटर थांबत नाही : सोलेनॉइडचे संपर्क वितळून चिकटलेले. अशा वेळी बॅटरीची तार तत्काळ काढावी लागते.

## बदलण्यापूर्वीची तपासणी

दिवे लख्ख पेटतात म्हणजे बॅटरी व तारा ठीक आहेत, हा सर्वसाधारण गैरसमज आहे. बॅटरीच्या गंजलेल्या टोकापाशी केवळ ०.०२ ओहम अवरोध निर्माण झाला आहे असे मानू. पुढचे दोन दिवे साधारण ९ अँपिअर घेतात. त्यांच्यासाठी या अवरोधात ०.१८ व्होल्ट खर्च होतात आणि प्रकाशात फरक जाणवत नाही. स्टार्टरने १५० अँपिअर मागितले की त्याच अवरोधात ३ व्होल्ट खर्च होतात आणि मोटर फिरत नाही. मोटर निर्दोष असूनही बदलली जाण्याचे हे एक प्रमुख कारण आहे. नवी मोटर बसवताना तारा हलतात, टोके घासली जातात, गाडी सुरू होते आणि दोष जुन्या मोटरीत होता असा समज पक्का होतो.

त्यामुळे तपासणी पुढील क्रमाने करणे इष्ट असते.

१. बॅटरीचा दाब मोजावा. पूर्ण भरलेल्या बॅटरीचा दाब स्थिर अवस्थेत सुमारे १२.६ व्होल्ट असतो. सेल्फ मारताना तो साधारण ९.६ व्होल्टच्या खाली गेल्यास आधी बॅटरी भरून तपासावी.

२. बॅटरीची दोन्ही टोके काढून पांढरी-हिरवी बुरशी घासून स्वच्छ करावी व ती घट्ट बसवावीत. इंजिन आणि सांगाडा यांना जोडणारी अर्थची पट्टीही पाहावी.

३. साहाय्यकाने सेल्फ मारत असताना बॅटरीचे धन टोक व सोलेनॉइडचा '३०' क्रमांकाचा जोड यांतील दाबाचा फरक मोजावा. तो अर्ध्या व्होल्टपेक्षा अधिक असल्यास दोष तारेत आहे. बॅटरीचे ऋण टोक व मोटरीचे आवरण यांतील फरकही असाच मोजावा. तोही अर्ध्या व्होल्टच्या आतच असावा.

४. किल्ली फिरवल्यावर '५०' वर वीज येते का ते पाहावे. येत नसल्यास दोष किल्ली, रिले किंवा सुरक्षा स्विचमध्ये आहे.

५. '५०' वर वीज येते, सोलेनॉइड आवाज करतो, '३०' वर पुरेसा दाब आहे, पण मोटरीकडे जाणाऱ्या जोडावर वीज नाही, असे आढळल्यास सोलेनॉइडचे संपर्क जळलेले आहेत. तेथेही वीज असूनही मोटर फिरत नसेल, आणि इंजिन हाताने मोकळेपणी फिरत असेल, तरच दोष मोटरीत आहे.

मोटरीच्या अंगावर हलके ठोकल्यावर गाडी सुरू झाली, तर अडकलेले कार्बन किंवा जळके संपर्क तात्पुरते जुळले असा त्याचा अर्थ होतो. हा उपाय दुरुस्तीपर्यंत पोहोचण्यापुरताच आहे. कायम चुंबकाच्या मोटरीवर जोराने ठोकल्यास आतील चुंबक तडकतात.

'३०' आणि '५०' हे जोड पेचकसाने जोडून इंजिन फिरवण्याची पद्धत धोकादायक आहे. यात किल्ली व न्यूट्रलचा सुरक्षा स्विच दोन्ही वगळले जातात. गाडी गिअरमध्ये असल्यास ती समोर उभ्या असलेल्या माणसाच्या अंगावर जाते. ट्रॅक्टर जमिनीवर उभे राहून अशा रीतीने सुरू करताना चाकाखाली सापडून माणसे दगावतात.

## काढणे व बसवणे

१. गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक लावावा, चाकांखाली ठोकळे द्यावेत व इंजिन थंड होऊ द्यावे.

२. बॅटरीचे ऋण टोक प्रथम काढावे. धन टोक आधी सोडवताना पाना गाडीच्या धातूला लागल्यास थेट शॉर्टसर्किट होते. स्टार्टरची मुख्य तार बहुतेक गाड्यांत फ्यूजशिवाय असते, त्यामुळे ही पायरी गाळल्यास पाना तापून लाल होणे किंवा आग लागणे शक्य असते.

३. खालून काम करायचे असल्यास गाडी भक्कम स्टँडवर ठेवावी. केवळ जॅकच्या आधारावर असलेल्या गाडीखाली शिरू नये.

४. आड येणारे भाग काढावेत आणि तारांचे छायाचित्र घेऊन ठेवावे. मग '३०' चा नट व '५०' ची तार सोडवावी.

५. मोटरीचे दोन किंवा तीन बोल्ट काढावेत. शेवटचा बोल्ट काढताना मोटर हाताने पेलून धरावी. लहान मोटारींत तिचे वजन काही किलोच असते, परंतु जुन्या डिझेल गाड्यांत ती बरीच जड असते. बोल्टांची लांबी वेगवेगळी असू शकते. काही इंजिनांत मोटरीमागे पातळ पत्र्याचे तुकडे असतात; ते जपून तेथेच परत लावावेत.

६. मोकळ्या झालेल्या छिद्रातून इंजिन हाताने फिरवत फ्लायव्हीलच्या कड्याचे दाते पूर्ण फेरीत पाहावेत. चार सिलिंडरचे इंजिन बंद होताना बहुधा ठरावीक दोनच ठिकाणी थांबते, म्हणून झीज त्या दोन जागी अधिक दिसते. कड्याचे दाते तुटलेले असल्यास नव्या मोटरीचे पिनियनही लवकर खराब होते.

७. नवी मोटर जुनीशेजारी ठेवून दात्यांची संख्या, बोल्टच्या छिद्रांतील अंतर व जोडांची जागा ताडून पाहावी.

८. बेल हाउसिंगवरील टेकण्याची जागा गंज व चिखल काढून स्वच्छ करावी, कारण परतीची वीज तेथूनच जाते. बोल्ट आधी हाताने चढवून मग उत्पादकाने सांगितलेल्या जोराने आवळावेत.

९. तारा जोडून रबरी टोप्या बसवाव्यात. बॅटरीचे ऋण टोक सर्वांत शेवटी लावावे.

सेल्फ एका वेळी १० सेकंदांहून अधिक मारू नये आणि दोन प्रयत्नांमध्ये मोटरीला निवण्यास वेळ द्यावा.

## केवळ सोलेनॉइड बदलणे

मोटर चांगली असून सोलेनॉइडच खराब असल्यास तो एकटा बदलता येतो. त्यासाठीही बहुधा पूर्ण मोटर खाली उतरवावी लागते. मोटरीकडे जाणारी जाड पट्टी सोडवून दोन-तीन स्क्रू काढले की सोलेनॉइड सुटतो. त्याचा दांडा काट्यात अडकलेला असतो. तो किंचित उचलून बाहेर काढावा लागतो. नवा बसवताना दांडा काट्यात नीट अडकला नाही, तर आवाज येतो पण पिनियन पुढे जात नाही. काही जपानी बनावटीच्या मोटरींत आतील तांब्याचे संपर्क व दांडा स्वतंत्रपणे बदलता येतात. कार्बन, बुश आणि बेंडिक्स हे भागही वेगळे मिळत असल्याने ऑटो इलेक्ट्रिशियन पुष्कळदा संपूर्ण मोटर न बदलता ती दुरुस्त करून देतात.

## शाहूवाडी तालुक्यातील परिस्थिती

शाहूवाडी तालुका कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिमेस सह्याद्रीच्या माथ्यावर व पूर्व उतारावर पसरला आहे. रत्नागिरी–कोल्हापूर महामार्ग बांबवडे, मलकापूर व आंबा या गावांवरून जातो आणि आंबा घाटाने साखरप्याकडे कोकणात उतरतो. विशाळगडही याच तालुक्यात आहे. पश्चिमेकडील गावांत पावसाळ्यात अतिवृष्टी होते आणि रस्त्यांवर जांभ्याचा तांबडा चिखल असतो.

अशा प्रदेशात स्टार्टर मोटरीवर विशेष ताण पडतो. ती पुष्कळ गाड्यांत इंजिनाच्या खालच्या भागात असल्याने रस्त्यावरील पाणी तिच्यावर उडते. तापलेली मोटर थंड पाण्यात बुडाल्यास आतील हवा आकसते आणि पाणी आत ओढले जाते. बारीक चिखल पिनियनच्या दांड्यावर वाळून बसतो, बुश गंजतात, आणि गाडी काही दिवस उभी राहिल्यास पिनियन सरकेनासे होते. दमट हवेत बॅटरीची टोके व अर्थची पट्टीही लवकर गंजते. पावसाळ्यापूर्वी ही टोके स्वच्छ करून त्यांवर पेट्रोलियम जेली लावणे आणि सोलेनॉइडच्या रबरी टोप्या जागेवर आहेत की नाहीत हे पाहणे, हा त्यावरील स्वस्त उपाय आहे.

पुराच्या पाण्यात बंद पडलेल्या गाडीला पुन्हा सेल्फ मारणे टाळावे. कोल्हापूर जिल्ह्याने २००५, २०१९ व २०२१ मध्ये मोठे पूर अनुभवले. एअर फिल्टरवाटे सिलिंडरमध्ये पाणी शिरले असल्यास दट्ट्या ते दाबू शकत नाही, कारण पाणी हवेसारखे आकसत नाही. मोटर 'टक्' करून थांबते आणि सेल्फच खराब झाल्यासारखे वाटते. जोर लावत राहिल्यास इंजिनातील संयोग दांडा वाकतो, आणि मोटरीच्या शंकेपायी संपूर्ण इंजिन उघडावे लागते. अशा गाडीचे स्पार्क प्लग किंवा इंजेक्टर काढून पाणी बाहेर काढल्याशिवाय इंजिन फिरवू नये.

सेल्फ बंद असताना गाडी उतारावर सोडून गिअरमध्ये सुरू करण्याची पद्धत डोंगरी भागात सर्वत्र परिचित आहे. घाटात मात्र ती जिवावर बेतू शकते. इंजिन बंद असताना ब्रेकला निर्वाताची मदत एक-दोन दाबांपुरतीच उरते. त्यानंतर पायाने फार जोर लावावा लागतो. पॉवर स्टिअरिंग जड होते, आणि किल्ली पूर्ण बंद स्थितीत असल्यास स्टिअरिंगला कुलूप लागू शकते. स्वयंचलित गिअरबॉक्सच्या बहुतेक गाड्या अशा रीतीने सुरूच होत नाहीत. दोष बॅटरीचा असल्यास दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून तारा जोडून इंजिन सुरू करणे अधिक सुरक्षित असते. त्यात धन टोके आधी जोडतात, नंतर दुसऱ्या बॅटरीच्या ऋण टोकाला तार लावतात आणि तिचे उरलेले टोक बंद गाडीच्या इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर लावतात. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून ज्वालाग्राही हायड्रोजन वायू निघत असल्याने शेवटची ठिणगी तिच्याजवळ पडू नये, हा त्यामागील हेतू असतो.

## हेही पाहा

* अंतर्ज्वलन इंजिन
* फ्लायव्हील
* आंबा घाट
* शाहूवाडी तालुका